रीच स्टॅकरचे 45 टन आणि बायपासची चावी

या वेळीही वाचकांचे निम्मे प्रश्न रीच स्टॅकरच्या, म्हणजे पुढे लांबणाऱ्या बूमने (हाताने) कंटेनर उचलून रांगांत रचणाऱ्या मशीनच्या, क्षमतेबद्दलच आहेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

प्र. एम्प्टी हँडलरने थोडाच माल भरलेला 20 फुटी कंटेनर उचलला तर चालेल का?

नाही. ते मशीन रिकाम्यांसाठीच बनवलेलं आहे.

प्र. आमचा रीच स्टॅकर 45 टनी आहे. तिसऱ्या रांगेतला 28 टनांचा कंटेनर उचलताना ओव्हरलोडचा अलार्म वाजून बूम थांबतो. सेन्सर बिघडलाय, बायपास करा (त्याची रोखणी बंद करा), असं मेकॅनिक म्हणतो. करावं का?

अजिबात नाही. बहुधा सेन्सर ठणठणीत आहे आणि तोच तुमच्या ऑपरेटरला वाचवतोय. 45 टन ही फक्त पहिल्या, म्हणजे मशीनला सर्वांत जवळच्या रांगेची क्षमता. दुसऱ्या रांगेत ती साधारण 30 टनांवर येते, तिसऱ्या रांगेत 15-16 टनांवर. गणित तरफेचं आहे. पुढचा एक्सल हा टेकू, मागे काउंटरवेट (तोल राखणारं वजन), पुढे भार. बूम लांबला की तोच भार टेकूपासून दूर जातो, मशीन पुढे झुकतं आणि मागची चाकं जमीन सोडतात. स्टिअरिंग त्याच चाकांना असतं, म्हणजे त्या क्षणी ऑपरेटरच्या हाती काही उरत नाही.

माहितीपत्रकावर 45 चा आकडा ठळक छापायचा आणि रांगांचा तक्ता शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत द्यायचा, या विक्रेत्यांच्या सवयीचा मला मनापासून राग येतो. एकदा एका यार्डात मी केबिनमध्ये चढलो, तर बायपासची चावी ‘ऑन’वर फिरवून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीवर धुळीचा थर होता. ही चावी अडकलेला भार देखरेखीखाली सुखरूप खाली घेण्यासाठी असते. ती ऑपरेटरकडे नव्हे, सुपरवायझरकडे कुलपात हवी.

तुम्ही पुढच्या दोन रांगा आधी मोकळ्या करा आणि तो कंटेनर जवळून उचला. 1 जुलै 2016 पासून जहाजावर चढणाऱ्या भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन देणं सक्तीचं आहे, ते कागदावर बघा. तरीही शंका उरली, तर मशीन थांबवून निर्मात्याच्या अधिकृत इंजिनिअरकडून वजनयंत्रणा तपासून घ्या. हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

प्र. दुपारी टायरची हवा वाढलेली दिसते. थोडी सोडावी का?

गरम टायरची हवा सोडू नका. थंड झाल्यावर मोजा. रिम अनेक तुकड्यांचं असतं, त्यामुळे पूर्ण हवा काढल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. हे काम प्रशिक्षित टायरवाल्याचंच.

प्र. जुनं मशीन घेतोय. मीटरवर तास कमी आहेत, रंगही नवा आहे. घ्यावं का?

नव्या रंगाचीच मला धास्ती वाटते. बूम आणि स्प्रेडरच्या (कंटेनरला वरून पकडणाऱ्या चौकटीच्या) वेल्डिंगमधले तडे त्याखाली झाकले जातात, आणि मीटर बदलता येतो. पैसे देण्याआधी त्रयस्थ तपासनीसाकडून वेल्डिंगची चुंबकीय चाचणी करून घ्या. विक्रेता नको म्हणाला तर व्यवहार सोडा.

प्र. कंटेनर उचलताना खालचा ट्रेलरही वर येतो. स्प्रेडर खराब झाला का?

ट्रेलरचं एखादं लॉक उघडायचं राहिलंय. लगेच खाली ठेवा.