मांजरीच्या पंजाला चीर पडलीय आणि ती सारखी चाटतेय, गळ्यातला कोन (चाटू नये म्हणून घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर) काढू का?

नका काढू. तुम्ही लिहिलंय की काच लागून पुढच्या पायाच्या गादीला छोटी चीर पडली, डॉक्टरांनी साफ करून टाके नकोत म्हणून सांगितलं, पण कोन घातला की ती उलटी चालत भिंतीला धडकते आणि तुम्हाला बघवत नाही. समजू शकते, माझ्या बोक्यालाही कोन होता आणि तो माझ्याकडे बघून असा ओरडायचा की जीव कळवळायचा. पण एकदोन दिवसांत बहुतेक मांजरं सरावतात. जनावर चाटूनच बरं होतं असं तुम्हाला बरेच जण सांगतील, त्यांचं ऐकू नका. तिची जीभ एकदा जवळून बघा, मागे वळलेले बारीक काटे असतात त्यावर, धरत आलेली खपली त्यांनी सहज निघते आणि तोंडातले जंतू जखमेत जातात ते वेगळंच. कोनाची कड नाकाच्या थोडी पुढे यायला हवी, नाहीतर पुढचा पंजा तोंडापर्यंत पोचतोच, आणि गळ्याशी दोन बोटं जातील एवढा सैल ठेवा. वाटीतून खाता येत नसेल तर पसरट ताटलीत द्या, किंवा खाताना काढा पण समोर बसून राहा आणि खाऊन झालं की लगेच घाला.

धुवायला उकळून गार केलेलं पाणी, अर्ध्या लिटरला एक सपाट छोटा चमचा मीठ, बास. कापूस नको, तंतू चिकटतात, गॉज म्हणजे जखमेचं जाळीदार कापड घ्या, हलक्या हाताने टिपा आणि बोटांच्या मधली जागा कोरडी करा. डेटॉल अजिबात नाही, त्यातलं औषध मांजरांना विषारी असतं, टी ट्री ऑइलही तसंच. फरशी फिनेलने पुसत असाल तर सध्या साध्या पाण्याने पुसा, कारण फरशीवरचं पायाला लागतं आणि कोन काढला की पाय तोंडात जातो. पट्टी स्वतःहून बांधू नका, घट्ट झाली तर पंजा सुजतो.

आणि हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा: दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या निळसर तपकिरी होतात आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन वगैरे पण नाही. दुखणं जास्त वाटलं तर डॉक्टर मांजराचं वेगळं औषध देतात.

लिटरचे, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या मातीचे, दाणे जखमेत अडकतात म्हणून काही दिवस ट्रेमध्ये फाडलेला कागद घाला. नाक मुरडलं तर वर थोडं जुनं लिटर भुरभुरा, वास ओळखीचा आला की बहुतेक जातात.

आता खरी गोष्ट. गादी म्हणजे पूर्ण वजन पेलणारी जागा, प्रत्येक पावलाला ती पसरते आणि चीर उघडू बघते, म्हणून इतर जागेच्या कातडीपेक्षा हिला वेळ लागतो. मांजर लंगडायची थांबते ती जखम भरण्याच्या बरीच आधी, आणि सगळे तिथेच फसतात, बरी झाली म्हणून मोकळी सोडतात, ती कपाटावरून उडी मारते आणि परत रक्त. म्हणून लंगडणं थांबलं तरी एकाच खोलीत ठेवा, उंच जागा बंद करा, खेळायचं असेल तर जमिनीवर बसूनच.

रोज दोन्ही पंजे शेजारी धरून बघा. दुखरा जास्त गरम किंवा सुजलेला वाटला, वास आला, पू दिसला, पाय टेकेनाशीच झाली किंवा दाबून धरूनही रक्त दहा मिनिटांत थांबलं नाही तर लगेच घेऊन जा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तरी फोन करा, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, लठ्ठ असेल तर जास्तच. आणि दुसऱ्या मांजराने चावलं असायची शक्यता असेल तर डॉक्टरांना तसं आत्ताच सांगा, दाताचं भोक वरून पटकन बुजतं आणि आत पू धरतो, तो दोनचार दिवसांनी फुगून वर येतो.

खपली आपोआप पडून खाली कोरडी गुलाबी कातडी दिसली की डॉक्टरांना एकदा दाखवा, मग कोन आधी तुमच्या नजरेसमोर थोडा वेळ काढून बघा, तिथेच चाटत बसली तर परत घाला.