आधी नुसता गळा, मग कातडं

प्रश्न : आमच्या लोकसंगीत मंडळाची महिन्यातून एकदा दुपारी बैठक असते. दहा-बारा जण गातात-वाजवतात, ऐकायला चाळीसेक माणसं असतात. मागच्या खेपेला ढोल वाजवणाऱ्या मुलांनी दणक्यात सुरुवात केली. त्यांच्यानंतर एक वयस्कर बाई साथीशिवाय गायला उभ्या राहिल्या. मागच्यांना शब्दच कळेनात, कुजबुज सुरू झाली आणि बाईंनी तिसऱ्या कडव्यावर गाणं सोडलं. आता मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो माइक आणा, दुसरा म्हणतो माइक आला की लोकसंगीत गेलं. तुम्ही काय सांगाल?
– मंडळाची कार्यवाह

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. आमच्या बैठकीचा क्रम लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. एकदा ‘सुरुवात जोरात व्हावी’ म्हणून मी आमचे चार डफ पहिले ठेवले. त्यातला एक माझाच होता. लगेच पुढे सत्तरीचे एक गृहस्थ एकतारीवर लांबलचक कथागीत गायला उभे राहिले. मी वाजवून उठून पहिल्याच रांगेत बसले होते, त्यांच्यापासून चार हातांवर. तरी पहिली दोन कडवी माझ्यापर्यंत पोचली नाहीत. नुसते ओठ हलताना दिसत होते. ते थांबले नाहीत, शेवटपर्यंत गायले. पण त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. ती रुखरुख मला आजही आहे.

दोष त्यांच्या आवाजाचा नव्हता, तुमच्या बाईंच्या आवाजाचाही नसणार. मोठा आवाज ऐकला की कान काही काळ बधिर होतो. बारीक आवाज टिपण्याची त्याची ताकद उतरते आणि ती परत यायला वेळ लागतो. बंद खोलीत ढोल वाजल्यावर लगेच उघडा गळा म्हणजे भर उन्हातून आल्या आल्या अंधाऱ्या खोलीत सुई शोधणं. म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे : सर्वांत आधी नुसता गळा. मग एखादी तार. मग सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. कातडं, म्हणजे ढोल-डफ, सगळ्यात शेवटी, किंवा मध्यंतराच्या अगदी आधी, म्हणजे मधल्या वेळात कान निवतात. ढोलवाल्या मुलांना हे नीट समजावून सांगा. मुलं समजूतदार असतात आणि शेवटची जागा मानाचीच आहे.

आता माइक. चाळीस माणसांसाठी माइक आणण्याआधी खोली फिरवून बघा. बहुतेक ठिकाणी गाणारा लांबट खोलीच्या अरुंद टोकाला उभा करतात आणि रांगा मागे मागे जात राहतात. त्याला लांब भिंतीच्या मध्यावर उभं करा. आठ रांगांच्या चार होतात, शेवटचा माणूस निम्म्या अंतरावर येतो आणि तेवढ्यानेच पुष्कळ काम होतं. गाणाऱ्याच्या पाठीशी भिंत हवी, पडदा नको; भिंत आवाज पुढे फेकते, पडदा पिऊन टाकतो. बसणारे जमिनीवर असतील तर गाणाऱ्याने उभं राहावं. नुसत्या गळ्याचं गाणं चालू असेल तेवढा वेळ पंखे बंद. लोक कुरकुर करतील, पण पाच मिनिटं सोसतील.

आणखी एक. गोल रिंगण करून गाणाऱ्याला मधोमध उभं करायची हौस अनेकांना असते. दिसायला छान दिसतं, पण स, श, च, त यांसारख्या वर्णांचा धारदार भाग तोंडासमोर जातो, डोक्याच्या मागे फारसा वळत नाही. पाठीमागे बसलेल्यांना चाल ऐकू येते, शब्द येत नाहीत. कथागीतात शब्दच गेले तर उरलं काय? रिंगण करायचंच तर गाणाऱ्याने कडेला, इतरांच्या ओळीत उभं राहावं.

हे सगळं करूनही आवाज पुरत नसेल, गाणाऱ्याची तब्येत नाजूक असेल किंवा ऐकणाऱ्यांत कमी ऐकू येणारं कोणी असेल, तर खुशाल माइक लावा. एकच, वीतभर अंतरावर, त्यावर घुमारा अजिबात न चढवता. माइकने लोकसंगीत संपत नाही. त्याने वेगळंच काहीतरी होतं, आणि माझा आक्षेप त्याला आहे : स्पीकरचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजाहून मोठा झाला की ऐकणारा पालुपद म्हणायचं सोडतो. त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, शेजारचाही नाही. मग तो नुसता प्रेक्षक होतो. अशा मंडळातली दुपार मला प्रिय आहे ती नेमकी यासाठी, की तिथे कोणीही नुसता प्रेक्षक नसतो.

आणि त्या बाईंकडे स्वतः जा. फोन नको. पुढच्या बैठकीतलं पहिलं गाणं त्यांचं, एवढंच सांगा.

प्रश्न : आम्ही मुद्दाम पालुपदाची गाणी निवडतो, तरी लोक साथ देत नाहीत. पहिल्या कडव्यानंतर दोन-चार आवाज येतात, मग तेही विरतात. लोकांना लाज वाटते का?
– एक गायिका

उत्तर : थोडी वाटत असेल. पण आधी तुमची पट्टी सांगा, म्हणजे पेटीची कुठली पट्टी सा धरून गाता ते. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी अंदाज करते : काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी. बायकांना साधारण तीच सोयीची पडते आणि पुरुषांना काळी एक. या दोन पट्ट्यांत सा आणि प यांच्याइतकं अंतर आहे. तुमच्या सुरात पालुपद उचलायला गेलेला पुरुष एक तर घशातून किंचाळतो, नाहीतर खालच्या सप्तकात पुटपुटतो. दोन्ही प्रकार त्यालाच नकोसे होतात आणि तो गप्प बसतो. यात लाजेचा काही संबंध नाही.

एकटीने गायचं गाणं तुमच्या पट्टीत गा. सगळ्यांनी म्हणायचं असेल तर दोन-तीन सूर खाली उतरा. तुमचा आवाज तितका चमकणार नाही, हे खरं. कडवी थोडी मऊ लागतील. पण पालुपदाला चाळीस आवाज उठतील, आणि ते गाणं त्याचसाठी आहे ना?

दुसरं असं, की पालुपद आधी दोनदा म्हणून दाखवा आणि मग कडव्याला हात घाला. तिसऱ्यांदा लोक आपण होऊन येतात. आणि कडवं संपल्यावर श्वासापुरती जागा सोडा. लोकांना आत यायला दार लागतं. पुष्कळ चांगले गायक शेवटचा सूर इतका लांबवतात की ते दार बंदच राहतं.

प्रश्न : दुपारी खोली भरली की माझा डफ ढिला पडतो, दोन गाण्यांत आवाज बसतो. तार वाजवणारेही सारखे जुळवत बसतात. उपाय?
– एक वाचक

उत्तर : कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल होतं. चाळीस माणसांचा श्वास म्हणजे पुष्कळ ओलावा. डफ शेकायचा तो लांबून आणि सावकाश. मधूनमधून तळहाताची मागची बाजू कातड्याला लावून बघा, हाताला चटका बसला तर फार झालं. घाईत जाळाजवळ धरलेलं कातडं उभं फाटतं. मी एक असंच घालवलं आहे. दुसरा डफ जवळ असेल तर आलटून पालटून वाजवा. प्लॅस्टिकचं पान दमटपणात टिकतं, नाद मात्र कोरडा येतो.

धातूची तार उकाड्याने लांबते आणि सूर उतरतो. नवी तार बैठकीच्या दिवशी चढवू नये, निदान दोन दिवस आधी चढवून ताणू द्यावी. पेटी किंवा अकॉर्डियन असेल तर सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं, कारण तिचे सूर जागेवर बसून जुळवता येत नाहीत. जुळवणं खोलीबाहेर करू नका. ज्या हवेत वाजवायचं तिथेच दहा मिनिटं वाद्य ठेवा आणि मग कान लावा.

प्रश्न : आजीकडून शिकलेलं गाणं मी मंडळात म्हटलं. एका जाणत्या सदस्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही चाल चुकीची आहे आणि दोन कडवीही भलतीकडची आहेत. मी पुन्हा गाऊ की नको?
– एक वाचिका

उत्तर : गा. पुढच्याच बैठकीत गा, तेच गाणं, आजीच्याच चालीवर.

अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांनी इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतं गोळा करून 1882 ते 1898 या काळात छापली. गीतं 305, पण एकेका गीताखाली त्यांनी मिळतील ती रूपं शेजारी शेजारी ठेवली. कुठे दोन, कुठे दहाहून जास्त. त्यांनीही एखादं रूप खरं ठरवून बाकीची फेकून दिली नाहीत. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक 1906 पासून फोनोग्राफ घेऊन हंगेरीतली खेडी फिरले. मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-चार मिनिटं मावत. त्यावरून उतरवून घेताना एकच माणूस एकाच गाण्यात दर कडव्याला सूर थोडे वेगळे घेतो, हे ते बारकाईने टिपत. आणि जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एका बाईची ओळ दुसरीच्या ओवीत जाऊन बसते, आणि ‘ही भलतीकडची’ असं जात्याशी बसलेलं कोणी म्हणत नाही.

त्या सदस्यांवर मात्र रागावू नका. त्यांनाही कोणीतरी प्रेमाने शिकवलं असेल, म्हणून त्यांना ती चाल सोडवत नाही. सगळ्यांसमोर टोकलं ते चुकलंच, ते त्यांना एकांतात सांगा. मग त्यांची चाल त्यांच्याकडून पूर्ण ऐकून घ्या. मंडळाने एक वही ठेवावी आणि त्यात गाण्याच्या बाजूला ते कोणाकडून, कधी, कुठलं काम करताना ऐकलं हे लिहावं. आमच्या वहीत एका अंगाईची सात रूपं आहेत. त्यातलं पाचवं एका मुलीने आईकडून फोनवर ऐकून घेतलं होतं. मध्ये दोन ओळी कोऱ्या आहेत, कारण आईला त्या आठवेनात.