गालिचा कुरतडणारे ठिपक्यांचे किडे घरातून कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की खिडकीच्या कट्ट्यावर रोज चार-पाच बारीक ठिपक्यांचे किडे मरून पडलेले असतात, सोफ्याखालच्या लोकरी गालिच्याला जागोजागी टक्कल पडलंय आणि मुलीच्या हातांवर पुरळ आलंय. घरभर फवारणी करावी का आणि गालिचा टाकून द्यावा का, असं विचारलंय. वर्णनावरून हे कार्पेट बीटल दिसतात. फवारणीवाल्याला एवढ्यात बोलावू नका आणि गालिचाही टाकू नका. मी या किड्याशी दोन वर्षं झगडलोय आणि त्यातलं पहिलं अख्खं वर्ष चुकीच्या जागी शोधण्यात गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकीत मरून पडतो तो प्रौढ भुंगेरा. लांबी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर, पाठ घुमटासारखी फुगीर, तिच्यावर पांढरे, पिवळसर आणि तपकिरी खवले. तो कापडाला तोंडही लावत नाही. त्याचं पोट परागकण आणि फुलातल्या मधावर भरतं, म्हणून तो उजेडाकडे ओढला जातो आणि बंद काचेशी येऊन मरतो. कधी तो कापून आणलेल्या फुलांबरोबरही घरात येतो. पण रोज चार-पाच दिसतात, म्हणजे अळ्या घरातच कुठेतरी वाढताहेत. मारायच्या त्या अळ्या.

अळी जवळून पाहिली की विसरता येत नाही. आमच्याकडे कपाट हलवलं तेव्हा त्याच्या पायाशी गालिच्याची कड दबलेली होती. ती उचलून टॉर्च आडवा धरला. तळाशी तांदळाच्या कणीएवढी, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केस असलेली एक अळी उजेड पडताच धाग्यांच्या आत सरकायला लागली. तिच्या आजूबाजूला तिच्यासारख्याच पंधरा-वीस आकृत्या होत्या, पण हलत नव्हत्या. चिमटीत धरल्या तर कागदासारख्या चुरल्या. त्या टाकलेल्या काती होत्या. अळी वाढताना अनेकदा कात टाकते, त्यामुळे कातींचा ढीग म्हणजे तेवढ्याच अळ्या असं समजून घाबरू नका. पण काती जिथे जास्त, तिथे ती बराच काळ राहिलेली असते, हे नक्की. शोध घेताना मला याच खुणेचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आपण सरसकट ‘कसर लागली’ म्हणतो, पण कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी वेगळी. ती मागे रेशमी जाळं किंवा बारीक नळ्या सोडते. कार्पेट बीटलची अळी जाळं विणत नाही, नुसत्या काती आणि वाळूसारखी बारीक विष्ठा सोडते. दोघींचा खुराक साधारण सारखाच: लोकर, रेशीम, पिसं, केस, कातडं. सुती किंवा कृत्रिम धाग्याचं कापड सहसा वाचतं, पण त्यावर घाम किंवा अन्नाचे डाग असतील, किंवा त्यात लोकर मिसळलेली असेल, तर तेही कुरतडलं जातं. व्हायोलिनची पेटी बरेच महिने उघडली नसेल तर तीही बघा, बो-चे म्हणजे वाजवायच्या गजाचे केस घोड्याचे असतात आणि या अळ्या ते तोडतात.

आता मूळ मुद्दा. गालिचा हे बहुधा त्यांचं एकमेव कोठार नसतं. मेलेले किडे, झुरळं, कोळ्याच्या जाळ्यातले अवशेष, कुत्र्या-मांजराचे केस, भिंतीच्या पोकळीत मेलेला उंदीर, गांधीलमाशीचं सोडून दिलेलं पोळं, पक्ष्याचं जुनं घरटं, हे सगळं त्यांचं अन्न. आमच्याकडे फवारणी करणाऱ्या एका संस्थेची माणसं येऊन मोकळ्या फरशीवर औषध मारून गेली. कपाट हलवलं नाही, गालिचा उलटला नाही. महिन्याभरात किडे पुन्हा खिडकीत. अखेर झरोक्याची जाळी काढली तेव्हा आत पारव्यांचं वाळलेलं घरटं निघालं, पिसांसकट, आणि ते हलवलं तसा खाली अळ्यांचा आणि कातींचा सडा पडला. ते घरटं गेल्यावरच संख्या उतरायला लागली. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर मात्र ती उडून जाईपर्यंत थांबा, मग तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून काढा आणि जाळी घट्ट बसवा.

शोध घेताना जिथे महिनोन्‌महिने हात लागत नाही तिथून सुरुवात करा. जड फर्निचरखालची कड, दिवाणाच्या आतला कप्पा, फरशी आणि भिंतीमधली फट, माळ्यावरच्या पेट्या, प्राण्यांच्या कोरड्या खाद्याचा डबा, दिव्यांच्या झाकणात साचलेले किडे. व्हॅक्युम क्लीनरचं अरुंद तोंड लावून प्रत्येक फट ओढून घ्या, गालिच्याच्या दोन्ही बाजू ओढा, आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा. हे पहिल्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी करावं लागतं, कारण अंडी फुटायला साधारण 10 ते 20 दिवस लागतात आणि एका झाडणीत सगळी निघत नाहीत. अळी तर थंडी आणि उपासमार असली तर एक-दोन वर्षंही अळीच राहू शकते. त्यामुळे पुढच्या वर्षी दोन-चार भुंगेरे दिसले तर सगळं फुकट गेलं असं समजू नका.

कपड्यांचं काम सोपं आहे, फक्त धीर लागतो. 60 अंशांच्या पाण्यात चालणारं सगळं धुऊन काढा. लोकर, रेशीम त्यात टिकत नाही. त्याला ड्रायक्लीन, किंवा फ्रीझर. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. फ्रीझर नसेल तर कडक उन्हात पसरून दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि खिशांच्या आत ब्रश मारा. उन्हाने सगळ्या अंड्यांची खात्री देता येत नाही, पण अंडी झडतात आणि उजेडाने अळ्या बाहेर पडतात. स्वच्छ झालेले कपडेच बंद डब्यात ठेवा. अळी आत राहिली तर डबा तिलाच सुरक्षित होतो.

डांबर गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्यांची वाफ हवाबंद पेटीत साठली तरच अळ्या मरतात. रोज उघडणाऱ्या कपाटात नुसता वास येतो. शिवाय जी6पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या वाफेने तांबड्या पेशी फुटू शकतात. घरात लहान मूल असेल तर मी त्या अजिबात आणणार नाही. औषध लागलंच तर शोध आणि सफाई झाल्यावर, फक्त फटींमध्ये आणि गालिच्याच्या कडांखाली, लेबलवर त्या वापराची परवानगी असलेलं. अंथरुणावर किंवा कपड्यांवर कधीच नको.

मुलीच्या पुरळाबद्दल: हा किडा चावत नाही. अळीच्या अंगावरचे काटेरी टोकांचे केस झडून अंथरुणात मिसळतात आणि काहींच्या कातडीला त्याचा त्रास होतो. पण ढेकणांची शंका आधी फेडा. गादीच्या शिवणी उलटून बघा, चादरीवर रक्ताचे किंवा काळे ठिपके आहेत का ते पाहा. काही नसेल तर अंथरूण गरम पाण्यात धुवा, गादी व्हॅक्युम करा, आणि पुरळ डॉक्टरांना दाखवा. दाखवताना या अळ्यांचा उल्लेख करा, नाहीतर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गालिच्याचं बोलायचं तर टकलाच्या जागी बोट फिरवून बघा. खालची वीण हाताला सलग लागत असेल तर फक्त वरची लव खाल्ली गेली आहे आणि कारागीर तिथे नव्या गाठी भरू शकतो. ताणे, म्हणजे विणीचे उभे धागे, तुटले असतील तरी रफू होतं, फक्त काम जास्त. पण आधी अळ्यांचा बंदोबस्त, मग दुरुस्ती. माझा गालिचा अजून त्याच खोलीत आहे. आता दर महिन्याला कपाट हलवून तो उलटतो, आणि टॉर्च आडवा धरून कडा तपासतो.