कुंपणीचा रुपया, राणीछाप आणि सरकार

खानापूरहून एकांनी विचारलंय: आमची आज्जी चांदीच्या जुन्या रुपयाला कधी 'कुंपणीचा' म्हणायची, कधी 'राणीछाप'. कुंपणी म्हणजे कुंपणच का? आणि राणीछाप म्हणजे 1858 नंतरचा, असं धरायचं का?

दोन्हीचं उत्तर 'नाही'. खरं (आपलं बेळगावी 'खरं', म्हणजे 'पण') दुसऱ्यात गंमत आहे.

कुंपणी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. परका शब्द तोंडात रुळताना ओळखीच्या शब्दाच्या वळणावर जातो, आणि 'कुंपण' तर घरचाच. अर्थाचा संबंध काडीचा नाही. कुंपणानं शेत खाल्लं ही म्हण इथं चपखल बसते, तो निव्वळ योगायोग.

आता राणीछाप. 2 ऑगस्ट 1858 ला लंडनात कायदा झाला, 1 नोव्हेंबरला अलाहाबादेत गव्हर्नर जनरल कॅनिंगनं राणीचा जाहीरनामा वाचला, कारभार कंपनीकडून राणीकडे गेला. पण रुपयावर व्हिक्टोरियाचं तोंड 1840 पासूनच आहे! तो पालथा करा: पानांच्या वेलीत 'वन रुपी', त्याखाली फारशी लिपीत 'यक रुपिया', आणि कडेनं 'ईस्ट इंडिया कंपनी'. म्हणजे एकच नाणं कुंपणीचं आणि राणीछापही. आज्जी काही चुकत नव्हती. कंपनीचं नाव गेलं ते 1862 च्या रुपयावर, तिथं नुसतं 'इंडिया'. तोवर टाकसाळीतून निघणाऱ्या रुपयांवर साल 1840 च राहिलं होतं. तेव्हा 1858 सालचा रुपया कुणी विकायला आणला तर पाकीट खिशातच ठेवा.

'सरकार' मात्र जागचं हललं नाही. मूळ फारशी, पेशवाईच्या कागदांत सर्रास. 1818 ला कंपनीचा सेनानी मन्रो यानं बेळगावचा किल्ला घेतला आणि 'कुंपणी सरकार' आलं. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या नरगुंदच्या संस्थानिक बाबासाहेब भाव्यांना 12 जून 1858 ला बेळगावात फाशी दिली ती याच कुंपणी सरकारनं. कायदा व्हायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. पुढं 'कुंपणी' गळाली, 'सरकार' तेवढं राहिलं.

शहापूरची गोष्ट निराळी. आज बेळगावातच असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, त्यामुळं तिथं सरकार म्हणजे पटवर्धन. जुन्या कागदात नुसतं 'सरकार' दिसलं, तर आधी कागद कुठल्या पेठेतला ते बघा.