मथळा खरा निघाला तर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या सदराचा नियम एकच. वृत्तपत्रातला जुना, खोटा ठरलेला मथळा शब्दशः खरा मानायचा. पण ती एक थाप पचवल्यावर दुसरी मारायची नाही. पुढचा सगळा हिशेब चोख हवा.

प्रश्न : २७ ऑगस्ट १९११च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मथळा होता की मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधले. मग खणलेली माती त्यांनी टाकली कुठे?

सगळ्यांनी कालव्यांकडे बघितलं, ढिगाऱ्याकडे कोणीच नाही! प्रत्येक कालवा सुमारे १,००० मैल लांब आणि २० मैल रुंद, म्हणजे साधारण १,६०० किलोमीटर गुणिले ३२. खोली आपण बेताची धरू, १० मीटर. एका कालव्याचे ५१२ घन किलोमीटर झाले, दोघांचे मिळून १,०२४. म्हणजे १ लाख कोटी घनमीटर.

पनामा कालव्यासाठी ढोबळमानाने २० कोटी घनमीटर खोदकाम झालं. मंगळावर तेवढं काम रोज सात वेळा उरकावं लागतं, आणि तेही सुट्टी न घेता.

आता वाहतूक. जमिनीतली माती मोकळी झाली की फुगते. प्रकारानुसार कमी-जास्त, पण सव्वापट धरायला हरकत नाही. नवखे लेखक इथेच फसतात आणि खड्ड्याच्या मापावर गाड्या मोजतात. १० घनमीटरचा डंपर घेतला तर रोज साडेसतरा कोटी खेपा, म्हणजे सेकंदाला दोन हजारांवर. मंगळावर वजन पृथ्वीच्या ३८ टक्केच भरतं, त्यामुळे ‘डंपर जास्त भरा’ असं एखादा मुकादम म्हणेल. पण वजन कमी झालं तरी हौदा तेवढाच राहतो. माती वरून सांडणार, आणि सांडलेली उचलायला वेगळी टोळी लागणार.

कंत्राटदाराला एकच पळवाट आहे : दोन वर्षं कोणाची? मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. त्या हिशेबाने मुदत जवळजवळ दुप्पट होते आणि रोजचे सात पनामा चारावर येतात. उलट तिथला दिवस चोवीस तासांहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा, म्हणजे कामगार संघटना रोजच्या ४० मिनिटांचा ओव्हरटाइम मागणार. हा वाद खोदकामापेक्षा लांबेल.

उद्घाटनाचं मात्र कठीण आहे. मंगळावर हवेचा दाब इतका कमी, साधारण ६ मिलिबार, की पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळतं आणि गोठतंही तिथेच. फीत कापून पाणी सोडलं की ते एकाच वेळी उकळत आणि गोठत जाईल. प्रमुख पाहुण्यांनी कशाकडे बोट दाखवायचं ते आधी ठरवून ठेवावं.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे. १८७७मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लीने मंगळावर रेषा बघितल्या आणि त्यांना इटालियनमध्ये ‘कानाली’ म्हटलं. त्याचा अर्थ चर, ओहोळ असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचे ‘कालवे’ झाले, आणि कालवा म्हटल्यावर खणणारा आलाच.

प्रश्न : याच मथळ्यावर मी लेख लिहिला. मंगळवासीयांना हिरवी शिंगं दिली, त्यांचा राजा कालव्यात पडतो, राणी रुसते. घरात कोणी हसलं नाही. काय चुकलं?

शिंगं. मथळ्यात ती नाहीत. वाचक एक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो, पण दुसरी आली की तो हिशेब सोडून देतो, कारण मग काहीही होऊ शकतं; आणि काहीही होऊ शकत असेल तर कशाचंच हसू येत नाही. राजा-राणी काढा, मुकादम ठेवा.

लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने पाडा : दुसऱ्या दिवशी सकाळी काय, महिन्याभराने काय, दहा वर्षांनी काय. प्रत्येकात पाच-सहा परिणाम लिहा आणि पहिले दोन खोडा. ते कोणालाही सुचतात. उरलेल्यांतला ज्याला आकडा जोडता येतो तो घ्या. साधारण ६०० शब्दांत तीन परिणाम पुरतात, चौथ्यापासून यादी व्हायला लागते. मथळ्याची तारीख तपासून घ्या, आणि माणसं दगावल्याची बातमी घेऊ नका. १५ एप्रिल १९१२ला ‘टायटॅनिक’चे सगळे प्रवासी वाचल्याचे मथळे आले होते; तिथे हा खेळ चालत नाही.

प्रश्न : १८३५मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ने चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याचं छापलं. ती खरंच असती तर आपल्याशी बोलली असती का?

बोलण्याचं पुढे बघू, आधी ती दिसायला हवीत. बातमीतल्या दुर्बिणीचं भिंग २४ फूट व्यासाचं आणि जवळजवळ ७ टनांचं, वर्धनशक्ती ४२,००० पट. एवढ्या वजनाची काच एवढ्या व्यासावर पसरली तर सरासरी जाडी भरते साडेसहा सेंटिमीटर. भिंगाला आधार फक्त कडेने देता येतो, मधे दिला तर प्रकाश अडतो. त्यामुळे हे भिंग पापडासारखं मधे वाकणार. प्रत्यक्ष कामात आलेल्या भिंगाच्या दुर्बिणींत सर्वांत मोठी अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेची, १८९७ची, तिचं भिंग ४० इंचांचं आहे.

तरी मथळा खरा मानू. ४२,००० पटीने चंद्र ९ किलोमीटरवर येतो. एवढ्या अंतरावरच्या माणसाची दाढी दिसते का, प्रयोग करून बघा. शिवाय नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, चंद्राचा जेमतेम ८ किलोमीटरचा तुकडा दिसेल आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो पाव-अर्ध्या सेकंदात निसटेल. निरीक्षकाच्या वहीत नोंद होईल : ‘काहीतरी फडफडलं. बहुधा माझीच पापणी.’

प्रश्न : अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतरचा, ३ नोव्हेंबर १९४८चा ‘ड्यूईने ट्रूमनला हरवलं’ हा मथळा खरा ठरला असता तर अमेरिकेत काय बदललं असतं?

परराष्ट्र धोरण इतरांना सोडून आपण घराचं बोलू. निकाल प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या बाजूने ३०३ विरुद्ध १८९ इलेक्टोरल मतांनी लागला. हा मथळा छापणाऱ्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चे जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, संपावर होते. मजकूर टाइप करून, त्याचा फोटो काढून ब्लॉक करावे लागत. त्याला वेळ लागतो, म्हणून पान मतमोजणी पुरी होण्याआधीच बंद केलं.

गंमत अशी की ट्रूमनना त्याच नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउस सोडावं लागलं. जमिनी खचत होत्या. त्या उन्हाळ्यात मुलीच्या पियानोचा पाय तक्तपोशीतून खाली गेला होता. ते समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये राहायला गेले.

ड्यूई जिंकले असते तर २० जानेवारी १९४९ला शपथ घेऊन त्यांच्या हाती बाहेरच्या भिंतींची किल्ली आली असती. आतलं सगळं पाडून ६६० टन पोलादाचा सांगाडा उभा केला गेला, आणि घर तयार झालं मार्च १९५२मध्ये. मुदत संपणार जानेवारी १९५३ला. चार वर्षांच्या कारकिर्दीत घरात राहणं दहा महिने, तेही ओल्या रंगाच्या वासात. सामान सोडायचं की नाही, याचा निर्णय ड्यूईंना पहिल्याच दिवशी घ्यावा लागला असता.

प्रश्न : ९ ऑक्टोबर १९०३ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिलं की उडणारं यंत्र व्हायला १० लाख ते १ कोटी वर्षं लागतील. चूक किती मोठी?

राइट बंधू १७ डिसेंबरला उडाले, म्हणजे ६९ दिवसांनी. कमीत कमी अंदाज घेतला तरी फरक सुमारे ५३ लाख पटींचा. याच मापाने तासाभराने येणारी आगगाडी एका मिलिसेकंदाच्या आत येते. फलाटावर उभं राहू नये.

प्रश्न : चुकीची दुरुस्ती किती दिवसांत छापावी?

१३ जानेवारी १९२०ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेच रॉकेट-शास्त्रज्ञ गोडार्डची खिल्ली उडवली होती, की निर्वात पोकळीत ढकलायला काही नसल्यामुळे रॉकेट चालणार नाही. दुरुस्ती १७ जुलै १९६९ला आली, अपोलो ११ वाटेत असताना. अग्रलेख खरा असता तर पहिला टप्पा सुमारे ६७ किलोमीटरवर संपल्यावर पुढचं इंजिन नुसतंच पेटलं असतं आणि तिघे पॅराशूटने अटलांटिकमध्ये उतरले असते. मग दुरुस्तीची गरजच उरली नसती आणि तेवढी जागा जाहिरातीला मिळाली असती.