बालहक्क संहितेचे पालन होते की नाही, यावर देखरेख कोण ठेवते?

प्रश्न असा आहे : "भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता मान्य केली आहे. ती पाळली जाते की नाही हे कोण तपासते, आणि त्या तपासणीमुळे एखाद्या मुलाच्या आयुष्यात खरोखर काही फरक पडतो का?"

मी मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचे काम करते. ही तपासणी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढे स्वयंसेवी संस्थांनी ठेवायच्या एका अहवालासाठी माहिती गोळा करणाऱ्या गटात मी होते, त्यामुळे दोन्ही टोके थोडी जवळून पाहिली आहेत. आधी व्यवस्था सांगते, मग तिची मला दिसलेली खरी अडचण सांगते.

बालहक्क संहिता संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारली आणि 2 सप्टेंबर 1990 पासून ती अमलात आली. भारत 11 डिसेंबर 1992 रोजी तिच्यात सामील झाला. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या प्रास्ताविकात ही तारीख छापलेली आहे, म्हणजे आपल्या देशाच्या कायद्यातही ही बांधिलकी नोंदवलेली आहे. संहितेच्या कलम 43 नुसार बालहक्क समिती नेमली जाते. तिच्यात निरनिराळ्या देशांतील 18 तज्ज्ञ असतात, त्यांना सदस्य देश निवडून देतात, परंतु ते आपापल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत. कलम 44 प्रमाणे प्रत्येक देशाने सामील झाल्यापासून दोन वर्षांच्या आत पहिला अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी एक. हा अहवाल देशातील जनतेला सहज उपलब्ध करून देण्याचे बंधनही त्याच कलमात आहे, पण याची आठवण फार थोड्यांना असते.

सरकारचा अहवाल आला की समिती तेवढ्यावर विसंबत नाही. स्वयंसेवी संस्था, युनिसेफ आणि देशातला बालहक्कांचा राष्ट्रीय आयोग यांच्याकडून तिला स्वतंत्र माहिती मिळते. संस्थांच्या अहवालाला पर्यायी अहवाल म्हणतात. समिती जिनिव्हात या मंडळींना बंद दाराआड भेटते, कधी कधी मुलांनाही भेटते, आणि त्यातून निघालेले प्रश्न सरकारकडे लेखी पाठवते. शेवटी सरकारी शिष्टमंडळाशी समोरासमोर चर्चा होते, ती सर्वांसाठी खुली असते, आणि त्या चर्चेनंतर समिती आपली अंतिम निरीक्षणे प्रसिद्ध करते. भारताची अशी सुनावणी जानेवारी 2000, जानेवारी 2004 आणि जून 2014 मध्ये झाली. शेवटच्या दोन तारखांमधले अंतर पाहा : तिसरा आणि चौथा अहवाल एकत्र दिला गेल्यामुळे मध्ये दहा वर्षे गेली. 2004 साली जे मूल आठ वर्षांचे होते, ते पुढच्या सुनावणीपर्यंत संहितेच्या व्याख्येनुसार मूल उरलेच नव्हते.

समितीच्या शिफारशी सरकारवर न्यायालयाच्या हुकुमासारख्या बंधनकारक नाहीत. एखाद्या मुलाला स्वतःची तक्रार थेट समितीकडे नेता यावी म्हणून 2011 साली एक वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे संहितेला जोडलेला पूरक करार, स्वीकारला गेला आणि तो 2014 पासून लागू झाला, परंतु भारत त्यात सामील झालेला नाही. म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत समितीच्या हाती मुख्यतः हे अहवाल वाचणे आणि प्रश्न विचारणे एवढेच उरते. तरीही त्याचा उपयोग शून्य आहे असे मी म्हणणार नाही. संहितेत सामील होताना भारताने बालमजुरीविषयीच्या कलम 32 बाबत निवेदन केले होते की, उपलब्ध साधने पाहता हे कलम आम्ही टप्प्याटप्प्याने अमलात आणू. ते निवेदन मागे घ्या, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे किमान वयाबाबतचे व बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांबाबतचे करार मान्य करा, असा आग्रह समितीने धरला होता. ते दोन्ही करार, म्हणजे क्रमांक 138 आणि 182, भारताने जून 2017 मध्ये मान्य केले. याचे सगळे श्रेय समितीला देता येणार नाही, कारण 2016 साली बालकामगार कायदा बदलल्यानंतरच ती वाट मोकळी झाली. पण इतकी वर्षे हा विषय कागदावरून पुसला गेला नाही, त्यात त्या आग्रहाचा वाटा आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याच 2016 च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलाने कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याला मुभा दिली. ऊसतोडीत आई-बाप आणि मुले एकाच फडात असतात, तेव्हा मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते हे ठरवायला तिथे कोणीही नसते.

देशात ही जबाबदारी 2005 च्या कायद्याने स्थापन झालेल्या बालहक्क संरक्षण आयोगांवर आहे. राष्ट्रीय आयोग 2007 पासून काम करतो, आणि महाराष्ट्राचा व गोव्याचा आपापला राज्य आयोग आहे. शिक्षण हक्क कायदा, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायदा या तिन्हींच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचे काम या आयोगांना त्या त्या कायद्यानेच दिले आहे. चौकशी करताना ते दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदारांना बोलावू शकतात, कागदपत्रे मागवू शकतात, आणि गरज पडल्यास उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतात. अधिकार थोडे नाहीत. अध्यक्ष आणि सदस्य मात्र सरकारच नेमते, आणि जागा रिकाम्या राहिल्या की आलेल्या तक्रारी तशाच पडून राहतात. देखरेख करणारी संस्था सरकारपासून स्वतंत्र असली पाहिजे, असे बालहक्क समितीने 2002 सालच्या आपल्या दुसऱ्या सर्वसाधारण टिप्पणीत सविस्तर लिहिले आहे, आणि मला ते अक्षरशः पटते.

आता अडचण. जिनिव्हातला अहवाल असो की मुंबईतल्या आयोगाची सुनावणी, दोन्ही ठिकाणी जे आकडे ठेवले जातात ते शेवटी एखाद्या गावातल्या हजेरीपटातून वर गेलेले असतात. हजेरीपटात जे मूल आहे ते शाळेत आहे, असे ही सगळी व्यवस्था धरून चालते. संहितेच्या कलम 28 मध्ये मात्र नुसता प्रवेश सांगितलेला नाही. मुलांनी नियमित शाळेत यावे आणि गळती कमी व्हावी यासाठी उपाय करा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

शाळांची राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षे 30 सप्टेंबर या तारखेवर घेतली गेली. शिक्षकांची संचमान्यताही, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतात तेही, त्याच तारखेच्या पटसंख्येवर ठरत आली, त्यामुळे प्रत्येक शाळेत त्या दिवशी पट भरलेला असावा याची काळजी घेतली जाते. ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि ज्यांच्याकडे मुलांना सांभाळायला आजी-आजोबा नाहीत ते मुलांना बरोबर नेतात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मोजणीच्या दिवशी मूल वर्गात असते आणि पुढचे चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर, पाचटाने शाकारलेल्या कोपीत असते. आकडेवारीत ते वर्षभर विद्यार्थीच राहते.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी अशाच एका गावातल्या शाळेत चौथीच्या वर्गाबाहेर उभी होते. पटावर 19 नावे होती आणि वर्गात सात मुले बसली होती. शिक्षक भले माणूस होते, त्यांनी काही लपवले नाही. नाव कमी केले तर पट घसरतो, पट घसरला तर शिक्षकाची जागा जाते, आणि मग राहिलेल्या सात जणांना कोण शिकवणार, असे ते मला विचारत होते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तळावर त्या बाराजणांतली एक मुलगी मला भेटली. कडेवर धाकटा भाऊ, बाजूला चुलीवर भात, आणि आई-वडील पहाटेपासून फडात. "शाळेचं काय करतेस?" असे मी विचारले. ती सहज म्हणाली, "नाव आहे की माझं शाळेत."

आमच्या पर्यायी अहवालात तिचे हे वाक्य घालावे असा माझा हट्ट होता. शब्दमर्यादेत ते बसले नाही. हंगामी स्थलांतरामुळे पटनोंदणी आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत तफावत पडते, असे एक कोरडे वाक्य त्याच्या जागी गेले. तेही मला महत्त्वाचे वाटते, कारण एकदा ही तफावत लेखी नोंदवली गेली की समितीचे सदस्य सरकारला "किती मुलांना प्रवेश दिला?" एवढेच विचारून थांबत नाहीत, "जानेवारीत किती मुले वर्गात होती?" असेही विचारू शकतात. देखरेखीची ताकद अशा प्रश्नात असते, आणि तो प्रश्न जिनिव्हात बसून कोणाला सुचत नाही, तो इथूनच पाठवावा लागतो.

महाराष्ट्रात उपाय झालेच नाहीत असे नाही. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, काही कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देऊन जिथे जाईल तिथल्या शाळेत बसवण्याची पद्धत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. 2015 च्या जुलैत राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदारांसारखी शाई लावली गेली. हेतू चांगला होता, पण महिना जुलैचा होता, आणि जुलैत ऊसतोडीची मुले गावीच असतात.

तुम्हाला स्वतः काही तपासायचे असेल तर 2014 ची अंतिम निरीक्षणे मिळवून शिक्षण आणि बालमजुरी हे भाग आधी वाचा, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती मिळतात. मग माहिती अधिकारात आपल्या तालुक्यापुरते दोन आकडे मागा : गेल्या हंगामात किती मुलांना शिक्षण हमी पत्रक दिले गेले, आणि त्यांपैकी किती मुलांना दुसऱ्या शाळेने प्रत्यक्ष दाखल करून घेतल्याची नोंद परत आली. एखादे मूल आत्ता अडचणीत असेल तर यातल्या कशाचीही वाट न पाहता 1098 वर फोन करा किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जा. मी काम करते त्या तालुक्यात पहिला आकडा मला तीन आठवड्यांत मिळाला. दुसऱ्यासाठी मी तीन अर्ज केले. अशी नोंद ठेवली जात नाही, असे तिन्ही अर्जांचे उत्तर आले आहे, आणि ती तीन उत्तरे पुढच्या पर्यायी अहवालासाठी मी जपून ठेवली आहेत.