अंतिम वर्षाचा प्रकल्प सोडून पुण्याचा कोर्स करावा का?

आदरणीय पालक,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपण गावच्या दूध संस्थेचे सचिव आहात. आपली कन्या दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने ‘मोबाइल जाळ्यात वापरकर्त्याच्या परिस्थितीनुसार समूहाला व्हिडिओ पोहोचवणे’ हा विषय धरला आहे, असे आपण लिहिले आहे. पाहुण्यांपैकी एकाने आपल्याला सांगितले की, असल्या विषयाला बाजारात कोणी विचारत नाही. तिने एखादा सोपा, तयार प्रकल्प घ्यावा आणि उरलेल्या वेळात पुण्याला तीन महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स करावा. या सल्ल्याने घरात दोन मते झाली आहेत आणि म्हणून आपण मला विचारले आहे.

माझे मत आधीच सांगते. तिने विषय सोडू नये, पण तो पुष्कळ लहान करून घ्यावा. तसेच नोकरी विषयाच्या नावावर मिळेल अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये. ती त्या विषयाखाली जे पायाभूत ज्ञान आहे त्यावर मिळेल.

विषय काय आहे हे आपल्याला नीट समजले, तर निर्णय घेणे सोपे जाईल. आपल्या संस्थेत दुधाचा दर बदलला, तर तो दोनशे सभासदांना कळवण्याच्या तीन रीती आहेत. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगावे, संकलनाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना एकदाच सांगावे, किंवा गावभर दवंडी द्यावी. मोबाइलच्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, यांना अनुक्रमे युनिकास्ट, मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट म्हणतात. आज फोनवर आपण जे काही पाहतो, ते जवळजवळ सगळे घरोघरी जाऊन सांगण्याच्या रीतीने येते. मागच्या पावसाळ्यात मी बेळगावहून जांबोटीकडे बसने जात होते. पुढच्या बाकांवर कॉलेजची पाच मुले एकच क्रिकेट सामना आपापल्या फोनवर पाहत होती. एकाच्या फोनवर फलंदाज बाद होऊन परत निघाला होता आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याच्या फोनवर गोलंदाज अजून धावत होता. पुढे जंगलातल्या वळणावर रेंज गेली आणि पाचही फोन एकामागून एक थांबले. मोबाइलच्या मनोऱ्याने तोच सामना पाच वेळा, पाच वेगवेगळ्या प्रतींमध्ये पाठवला होता. आपल्या कन्येचा विषय या अपव्ययाचा आहे. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री हीच गोष्ट हजारो फोनांच्या बाबतीत घडते.

ही कल्पना नवी नाही. इंटरनेटवर समूहाला एकदाच पाठवण्याची पद्धत स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली मानक स्वरूपात मांडली आणि त्यासाठी २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने ही सोय आपल्या मानकांच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे रिलीज ६ मध्ये, एमबीएमएस या नावाने आणली, फोरजीसाठी रिलीज ९ मध्ये सुधारली आणि फाइव्हजीसाठी रिलीज १७ मध्ये नव्याने घडवली. दक्षिण कोरियातील केटी कंपनीने २०१४ मध्ये फोरजीवर अशी व्यावसायिक सेवा सुरूही केली. तरीही ती जगभर रुजली नाही, हे आपल्या पाहुण्यांच्या म्हणण्यातील खरे तेवढे मी मान्य करते. ती सुविधा असलेले फोन थोडे होते आणि लोक आपल्या सोयीच्या वेळी आपल्या आवडीचे पाहू लागले होते; जिथे प्रत्येक जण वेगळे पाहतो, तिथे समूहच उरत नाही.

पण न रुजण्यामागे एक तांत्रिक अडचणही होती आणि प्रकल्पाचा खरा गाभा मला तिथेच दिसतो. दवंडी देणाऱ्याला गावच्या टोकाला राहणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही कळेल अशा बेताने, हळू आणि मोठ्याने बोलावे लागते. मनोऱ्याचेही तसेच आहे. फोन आपल्याला सिग्नल कसा मिळतो हे मनोऱ्याला १ ते १५ अशा दर्जाच्या आकड्याने कळवतो. फोरजीच्या नेहमीच्या तक्त्यात दर्जा १ असेल तर दर हर्ट्झमागे (हर्ट्झ हे लहरींच्या पट्ट्याच्या रुंदीचे माप आणि बिट हे माहितीचे) सेकंदाला ०.१५२३ बिट जातात आणि दर्जा १५ असेल तर ५.५५४७ बिट जातात, म्हणजे दोन्ही टोकांत छत्तीस पटींचा फरक आहे. समूहाला एकदाच पाठवायचे, तर वेग सर्वांत कमजोर फोनच्या बेताने ठेवावा लागतो.

आता कन्येला कागद घेऊन आपल्यासमोर बसवा आणि पुढचे गणित करायला सांगा. एका मनोऱ्याखाली दहा फोन एकच कार्यक्रम पाहत आहेत. आठ गावठाणात आहेत, त्यांचा दर्जा १०, म्हणजे २.७३०५ बिट. दोन जंगलालगतच्या वाडीत आहेत, त्यांचा दर्जा ४, म्हणजे ०.६०१६ बिट. चांगल्या चित्राला सेकंदाला २ मेगाबिट लागतात आणि साध्या चित्राला अर्धा मेगाबिट. गावठाणाला चांगले आणि वाडीला साधे चित्र प्रत्येकाला स्वतंत्र पाठवले, तर एकूण सुमारे ७.५२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. सर्वांचा एकच समूह करून चांगले चित्र कमजोर फोनच्या बेताने पाठवले, तर ३.३२ लागतात. गावठाणाचा एक आणि वाडीचा एक असे दोन समूह करून एकाला चांगले आणि दुसऱ्याला साधे चित्र दिले, तर १.५६ पुरतात. चित्राचे थर पाडून खालचा थर, म्हणजे साधे चित्र, सर्वांना आणि ते चांगले करणारा वरचा थर फक्त गावठाणाला दिला, तर १.३८ मध्ये काम भागते. थर पाडण्याचे हे तंत्र २००७ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ मानकात आले आणि त्याचा स्वतःचा थोडा जादा भार असतो. तो आणि जाळ्याच्या नियंत्रणाचा भार मी येथे धरलेला नाही. तरीही ७.५२ आणि १.३८ यांतले अंतर लक्षात येण्याजोगे आहे, कारण ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पहिले मावतच नाही.

याच गणितात एक चकवा आहे आणि तो तिला स्वतःला सापडावा असे मला वाटते. दोन्ही समूहांना सारखेच चांगले चित्र द्यायचे ठरवले, तर समूह फोडण्याचा खर्च ४.०६ मेगाहर्ट्झ येतो, म्हणजे एकाच समूहापेक्षा जास्त. गट पाडणे तेव्हाच फायद्याचे असते, जेव्हा गटांची गरज खरोखर वेगळी असते. म्हणून वापरकर्त्याची परिस्थिती कळणे आवश्यक ठरते. एकाने फोन खिशात ठेवून फक्त समालोचन ऐकायला घेतले आहे, त्याला चित्र पाठवणे व्यर्थ आहे. दुसरीच्या फोनची बॅटरी संपत आली आहे. तिसरा बसमध्ये आहे आणि त्याची रेंज दर वळणाला बदलते. त्याला प्रत्येक वळणावर एका समूहातून दुसऱ्यात हलवले, तर त्या हलवाहलवीचाच भार जाळ्यावर पडेल. किती वेळ थांबून मग हलवावे, हा प्रश्न तिच्या संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा मोठा आहे.

सीमाभागात वाढलेल्या मुलीला या विषयात एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल, असे मी मनापासून मानते. फोनच्या जागेवरून माणूस ओळखता येतो, असे अनेक अभियंते गृहीत धरतात. २०२३ साली दूरसंचार विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा आपलाही फोन मोठ्याने वाजला असेल. तो सेल ब्रॉडकास्ट होता. ठरवलेल्या मनोऱ्यांखाली असलेल्या सर्वांना तो एकदम जातो. आता ऑगस्ट २०१९ सारखा पूर डोळ्यांसमोर आणा. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्या निपाणी-चिकोडी भागात उतरतात, आणि कोगनोळीजवळचा फोन कधी या राज्याच्या तर कधी त्या राज्याच्या मनोऱ्याला लागतो. इशारा कोणत्या मनोऱ्यांवरून द्यायचा? भाषा कोणती? मनोरा कर्नाटकात आहे म्हणून वाचणारी व्यक्ती कन्नडच वाचते असे नाही, आणि घरात मराठी बोलते म्हणून कन्नड वाचत नाही असेही नाही. फोनमधील भाषेवर विसंबावे, तर आपल्याकडे कितीतरी लोक सगळे वाचन मराठीत करतात आणि फोन मात्र इंग्रजीतच ठेवतात. माझ्या आईचा फोन असाच आहे. परिस्थिती मोजण्याची खूण चुकीची निवडली, तर उत्तम गणितसुद्धा चुकीच्या माणसाला चुकीच्या समूहात बसवते. हे उदाहरण तिने अहवालात जरूर घ्यावे.

याच संदर्भात तिने खासगीपणाचा विचारही टाळू नये. माणूस कुठे आहे, बसमध्ये आहे की घरी, काय ऐकतो, ही सगळी वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ पासून आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. समूह पाडायला मनोऱ्याला नावे लागत नाहीत, संख्या पुरते. उरलेला निर्णय फोन स्वतःच घेऊ शकतो.

आता नोकरीविषयी. या विषयाच्या नावाची जागा कोणत्याही जाहिरातीत दिसणार नाही. पण तो विषय करताना तिला जाळ्याचे नियम वाचावे लागतील, वायरशार्क या साधनात पॅकेट, म्हणजे जाळ्यातून जाणारे माहितीचे तुकडे, उघडून पाहावी लागतील, लिनक्सवर काम करावे लागेल आणि पायथन व सी++ या संगणकभाषांत प्रोग्राम लिहावे लागतील. बेंगळुरूत एरिक्सन, नोकिया, सॅमसंग आणि क्वालकॉम यांची संशोधन केंद्रे आहेत आणि तेजस नेटवर्क्स तर तिथलीच कंपनी आहे. अशा ठिकाणच्या मुलाखतीत हीच कौशल्ये तपासली जातात. व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपन्यांनाही ती लागतात, कारण चित्राचा दर्जा सिग्नलप्रमाणे बदलण्याचे काम त्यांना रोजच करावे लागते. शिवाय समूह-संवादाची गरज सिनेमा आणि सामन्यांपुरती नाही. पोलीस, अग्निशमन आणि रेल्वे यांच्यासाठी एकाने बोलावे आणि पूर्ण तुकडीने ऐकावे अशी सेवा थ्रीजीपीपीने रिलीज १३ पासून मानकात घेतली आहे, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय रेल्वेला स्वतःच्या फोरजी जाळ्यासाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ दिले आहेत. मघाशी केलेले गणित आता त्या ५ मेगाहर्ट्झच्या शेजारी ठेवून पाहा.

पुढे शिकण्याची तयारी असेल, तर एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिला तिसऱ्या वर्षातही देता येते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरावर पूर्ण भार पडत नाही. आयआयटी धारवाड आपल्याला फार लांबही नाही.

पुण्याच्या कोर्सला माझा सरसकट विरोध नाही. पण त्या तीन महिन्यांत जे पायथन शिकवले जाईल, ते ती या प्रकल्पासाठी घरबसल्या शिकू शकते, आणि मग मुलाखतीत सांगायला तिच्याकडे स्वतःचे काम असेल. तयार प्रकल्प विकत घेण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. ‘हा आकडा असा का आला?’ या एका प्रश्नावर तो उघडा पडतो, आणि मुलाखतीहून परत आलेल्या मुलींचे पडलेले चेहरे मी पाहिले आहेत.

मराठी माध्यमाची काळजी आपण पत्रात दोनदा व्यक्त केली आहे. थ्रीजीपीपीची मानके मोफत मिळतात, पण त्यांचे इंग्रजी रुक्ष आहे आणि ते इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही तितकेच जड जाते. तिने दर आठवड्याला एकच प्रकरण वाचावे, त्याचा अर्थ मराठीत एका पानावर लिहावा आणि ते पान आपल्याला वाचून दाखवावे. आपल्याला जिथे समजणार नाही, तिथे बहुधा तिलाही पुरते समजलेले नसेल.

प्रकल्पाचा आवाका असा ठेवावा, अशी माझी सूचना आहे. एकच मनोरा, चाळीस फोन आणि वरच्या गणितातील चार रीती (स्वतंत्र, एक समूह, दोन समूह, थर), एवढेच घ्यावे. आधी पायथनमध्ये गणित बसवावे. ते पटले की मग एनएस-३ या, संगणकावर जाळ्याची नक्कल करणाऱ्या, मोफत सिम्युलेटरकडे वळावे, उलट क्रमाने नको, कारण त्यात समूह-सेवेचा भाग तिला स्वतःच जोडावा लागेल आणि तिथेच पहिले दोन महिने जातील. परिस्थितीच्या खुणा तीनच घ्याव्यात: सिग्नलचा दर्जा, बॅटरी आणि फोनचा पडदा चालू आहे की बंद. भाषेची खूण अहवालातील चर्चेसाठी ठेवावी. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना तिने याच महिन्यात भेटून शीर्षक लहान करून मागावे. ते नकार देणार नाहीत असे मला वाटते, कारण लहान विषय वेळेत पूर्ण होतो हे त्यांनाही माहीत असते. चाळीस फोनांचा पहिला तक्ता तयार झाला की तो मला पाठवावा. मी वाचून उत्तर देईन.

आपली नम्र,
करिअर मार्गदर्शक